उष्ट्या नळ्या

त्या म्हाताऱ्याचा मला पहिल्या दिवसापासून राग होता, आणि त्यालाही माझा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. परदेशातल्या आठवणी म्हटल्या की लोकांना बर्फात भेटलेले प्रेमळ शेजारी हवे असतात, भाजलेला केक घेऊन दारात उभे राहणारे. माझ्याकडे तसलं काही नाही. माझ्याकडे ब्लीचच्या वासाने भरलेली एक शेड आहे आणि तिच्यात एकमेकांकडे पाठ करून काम करणारी दोन माणसं आहेत.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. मी मिनेसोटातल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करत होते. विषय मेपलची झाडं. हिवाळा सरताना तिकडे रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं, आणि त्या पाचसहा आठवड्यांत मेपलच्या खोडाला भोक पाडलं की पाण्यासारखा पातळ, जेमतेम गोड रस वाहू लागतो. तो तासन् तास उकळून त्याचा पाक करतात. आपल्याकडच्या गुऱ्हाळासारखंच आहे, असं मी घरी पत्रात लिहिलं होतं. वडिलांनी उलट टपाली विचारलं, मग त्यासाठी इतक्या लांब कशाला जायला हवं होतं? त्यांचंही चुकलं नव्हतं.

पूर्वी झाडाला बादली टांगायचे. आमच्या जंगलात नळ्या होत्या. करंगळीएवढ्या जाड, निळसर प्लॅस्टिकच्या नळ्या एका झाडावरून दुसऱ्यावर कमरेच्या उंचीवर ताणून नेलेल्या, दहा झाडांची एक रांग, अशा आठ रांगा. प्रत्येक झाडापाशी प्लॅस्टिकचा एक तीन तोंडांचा जोड, त्यातून खाली उतरलेली हातभर नळी आणि तिच्या टोकाला खोडात ठोकायची तोटी. रांगेचा सगळा रस उतारावरच्या शेडमध्ये त्या त्या रांगेच्या पिंपात जमा व्हायचा. तो नीट ओढला जावा म्हणून शेडमध्ये एक पंप होता, कुठल्याशा बंद पडलेल्या गोठ्यातला, गाईंचं दूध काढायच्या यंत्राचा. त्याच्यावर एक काटा होता. नळ्यांत कुठे हवा शिरली नाही तर काटा वर, शिरली तर खाली.

माझं संशोधन साधं होतं. चार रांगांना दर वर्षी कोऱ्या नळ्या, चार रांगांना गेल्या वर्षीच्याच, धुतलेल्या. कुठल्या झाडांची भोकं जास्त दिवस वाहतात ते बघायचं. जुन्या नळीत बुरशी आणि जिवाणू राहतात, ते भोकात शिरतात आणि झाड आपली जखम लवकर मिटवून घेतं, असा माझा दावा होता. तो सिद्ध करायला तीन हंगाम लागणार होते, पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंतचे. दोन झाले होते. तिसरा हा. मे महिन्यात माझी स्कॉलरशिप संपणार होती. ती संपली की व्हिसा संपणार होता, आणि डिग्रीशिवाय परत गेले असते तर पुढे काय, हे मला चांगलं माहीत होतं. मावशीने दोन स्थळं बघूनच ठेवली होती. त्यामुळे हा हंगाम हातचा गेला तर माझं सगळंच गेलं, एवढं सरळ होतं ते.

माझे गाइड मराठीच होते. नागपूरचे. साठच्या दशकात आलेले, आता ईडन प्रेरी नावाच्या उपनगरात मोठं घर, दारात स्टेशन वॅगन, दिवाळीला साठ माणसं जेवायला. त्यांना मी सर म्हणत असे आणि त्यांच्या बायकोला काकू. काकू मला डब्यात वरणफळं भरून द्यायच्या, आणि सर त्याच दिवशी माझ्या प्रबंधाच्या प्रकरणावर लाल पेनने ‘रबिश’ लिहून द्यायचे. ईडन प्रेरीपासून जंगल अडीच तासांवर होतं. सर तिथे महिन्यातून एकदा यायचे, बूट ओले न होतील अशा बेताने. बाकीचे सगळे दिवस मी आणि तो म्हातारा.

म्हातारा विद्यापीठाचा नोकर होता. जंगल राखणं, पंप चालवणं, नळ्या बांधणं हे त्याचं काम. साठी जवळ आलेली, उंच, कान कायम लाल, बोलणं मोजकं आणि तेही टोचून. मला तो ‘डॉक्टर’ म्हणायचा. मी अजून डॉक्टर झालेले नाही आणि त्याच्या मते होणारही नाही, एवढं सगळं तो त्या एका शब्दात कोंबायचा. पहिल्या वर्षी बर्फाखाली ओढा कुठे आहे ते त्याने मला सांगितलं नाही. मी गुडघ्यापर्यंत आत गेले. तो म्हणाला, “आता कळलं ना कुठे आहे ते.” उणे पंधरात ओले मोजे घालून मी शेडपर्यंत चालत आले आणि वाटभर त्याला मराठीत शिव्या घातल्या. मोठ्याने. त्याला कळत नव्हत्या म्हणून मजा येत नव्हती.

मीही काही कमी नव्हते. त्याच्या लिहिण्यातल्या चुका मी त्याच्यासमोर लाल पेनने दुरुस्त करायचे. सरांकडून शिकलेली विद्या. त्याने बनवलेल्या कॉफीला मी कधी हात लावला नाही. तो रेडिओ लावायचा, मी बंद करायचे.

जानेवारीच्या शेवटी नळ्या धुवायला काढायच्या. हे काम किती घाण असतं ते सांगून पटणार नाही. मागच्या हंगामाचा उरलासुरला रस आत आंबलेला असतो, त्याची काळी बुळबुळीत साय नळीच्या आतून चिकटलेली असते, आणि वास असा की आंबोण आणि मोरी एकत्र. जनावरांना पाणी पाजायच्या पत्र्याच्या डोणीत ब्लीचचं पाणी करायचं, नळ्यांची वेटोळी त्यात बुडवायची, पंपाने ते पाणी आतून फिरवायचं, मग साध्या पाण्याने धुवायचं. एकदा, दोनदा, तीनदा. ब्लीचचा खारटपणा मागे राहिला तर जंगलातल्या खारी त्या चवीपायी नळ्या कुरतडतात, म्हणून म्हातारा तिसऱ्या पाण्यानंतर नळीचं टोक जिभेला लावून बघायचा. मला शिसारी यायची. मी पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या आणल्या होत्या. तो त्यांच्याकडे असं बघायचा जणू मी पावसाचा अंदाज कुंडलीवरून सांगत होते.

हातमोजे घालून जोड नीट काढता येत नाहीत, म्हणून दोघांचेही हात उघडे. बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या, त्यांत ब्लीच. तडकलेल्या तोट्या वेगळ्या, चालतील त्या वेगळ्या. दोन आठवडे आम्ही हे केलं आणि त्यात कामापलीकडे मोजून दहा वाक्यं बोललो असू. त्यातली सहा भांडणाची.

फेब्रुवारीत नळ्या जंगलात न्यायला सुरुवात झाली. आणि आधीची दोन वर्षं जे माझ्या डोळ्याआड राहिलं होतं ते या वर्षी डोळ्यांसमोर आलं, कारण या वर्षी बांधायच्या वेळी मी त्याच्याबरोबर होते.

थंडीत प्लॅस्टिकची नळी लाकडासारखी कडक होते. ती जोडावर चढवायची तर टोक आधी ऊन करून मऊ करावं लागतं. त्यासाठी गरम पाण्याचा थर्मास न्यायचा असतो. म्हातारा थर्मासात कॉफी न्यायचा. नळीचं टोक तो सरळ तोंडात घालायचा. दाढांखाली धरून, जरा चावत, जरा चोखत, दहापंधरा सेकंद. मग तोंडातून काढून एका झटक्यात जोडावर चढवायचा. एक टोक, मग दुसरं, मग पुढचं झाड. लाळेची तार कधी कधी दाढीच्या खुंटांवर गोठायची.

आता इथे मला माझ्याबद्दल खरं लिहायला हवं. त्या देशात जाऊन मी बरंच काही सोडलं होतं. गाईचं मांस खाल्लं होतं, पहिल्यांदा न कळत आणि नंतर कळून. बिअर प्यायले होते. चतुर्थी कधी येते आणि जाते याचा पत्ता नसायचा. मी स्वतःला पार सुधारलेली समजत होते. पण उष्टं मला चालत नव्हतं. कुणाचं उष्टं घेणं, कुणी तोंड लावलेल्या बाटलीतून पिणं, एकाच चमच्याने दोघांनी चाखणं, माझ्या घशाखालीच उतरायचं नाही. आमच्या घरी सख्ख्या भावाने चावलेला पेरूही दुसरा खात नसे. पाणी वरून प्यायचं, भांड्याला ओठ लावायचे नाहीत. हे कुणी शिकवलं असं आठवतच नाही. ते हातापायांसारखं बरोबर आलेलं होतं.

“थर्मास आहे ना,” मी त्याला म्हणाले. “पाण्यात बुडवा.”

“पाणी टोकावर गोठतं. तोंड गोठत नाही.”

“तोंडात जिवाणू असतात. माझा प्रयोग जिवाणूंचाच आहे.”

“माझा बाप असंच करायचा,” तो म्हणाला. “झाडांनी कधी तक्रार केली नाही.” आणि माझ्याकडे बघत त्याने पुढचं टोक तोंडात घातलं, नेहमीपेक्षा सावकाश.

तळपायाची आग मस्तकात गेली. रात्री मला त्या नळ्याच दिसायच्या. ऐंशी झाडं, प्रत्येक झाडापाशी दोन टोकं, एकूण एक त्याच्या तोंडातून आलेली. त्यातून माझा रस वाहणार. माझी तीन वर्षं त्यातून वाहणार. मी स्वतःला पटवलं की हे शास्त्र आहे. माझ्याकडे प्रयोगशाळा होती, काचेच्या बशा होत्या. चार टोकं पुसून जिवाणू वाढवून बघितले असते तर आठवड्यात कळलं असतं की काही फरक पडतो की नाही. मी बघितलं नाही. कुठेतरी मला माहीत होतं की उत्तर माझ्या सोयीचं येणार नाही.

रविवारी म्हातारा येत नसे. फेब्रुवारीच्या शेवटच्या दोन रविवारी मी एकटीने जंगलात जाऊन सगळी टोकं बदलली. झाडं छाटायची कात्री, पाठीवर उकळत्या पाण्याचे दोन थर्मास. जोडातून नळी ओढून काढायची, तोंडात गेलेलं दीडेक इंच कापून टाकायचं, उरलेलं टोक गरम पाण्यात धरायचं आणि पुन्हा जोडावर बसवायचं. दोन्ही रविवारी हवा नशिबाने उबदार होती, ऊन होतं, नळ्या रबरासारख्या ओढल्या जात होत्या. कापलेले तुकडे मी पिशवीत भरून शेडमागच्या कचऱ्याच्या पिंपात टाकले. दुसऱ्या रविवारी शेवटचा जोड बसवला तेव्हा इतकं स्वच्छ वाटलं, सोवळं नेसून स्वयंपाकघरात आल्यासारखं.

नळ्या आखूड झाल्या, हे माझ्या ध्यानात आलं नाही, असं मी म्हणणार नाही. आलं होतं. दर झाडामागे तीन इंच म्हणजे दहा झाडांच्या रांगेत अडीच फूट. पण ओढल्या की पोचत होत्या. पोचताहेत ना, मग झालं, असं मी म्हटलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही खोडांना भोकं पाडली. म्हातारा ड्रिल चालवत होता, मी तोट्या ठोकत होते. तिसऱ्या रांगेत तो थांबला, नळी अंगठ्याने दाबून बघितली.

“ताणल्यासारखी वाटते.”

“थंडीने असेल,” मी म्हणाले.

त्याने वाकून एका जोडाकडे बघितलं. मी तोटी ठोकायचं थांबवलं नाही. त्याने ड्रिल उचललं आणि आम्ही पुढे गेलो.

चार दिवसांनी रात्री कडक गोठलं आणि सकाळी लख्ख ऊन पडलं. मोठा रस सुटायचे दिवस असेच असतात. सकाळी दहाला म्हाताऱ्याने पंप लावला आणि काटा हललाच नाही. पंप नुसता भुंकत होता. आम्ही जंगलात धावलो. थंडीने प्लॅस्टिक आकसतं. आधीच ताणलेल्या नळ्या रात्रीत आकसल्या होत्या आणि जोडांतून सुटल्या होत्या, रांगेत चार इथे, पाच तिथे. सुटलेली टोकं बर्फावर लोंबत होती आणि त्यांतून रस गळत होता. प्रत्येक झाडाखाली बर्फात एक पिवळसर खळगा झाला होता. झाडं आपलं काम करत होती. बाकी सगळं जमिनीत चाललं होतं.

एक जोड बसवावा तर पुढचा सुटायचा. दोन दिवस आणि त्यांमधली संध्याकाळ आम्ही धावत राहिलो आणि आठही रांगांची पहिली धार गेली. म्हणजे माझा तिसरा हंगाम पहिल्या थेंबापासून मोजलेला राहिला नाही. मी शेडमधल्या फोनवरून सरांना फोन केला. जोड सुटले, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आले. बूट ओले होण्याची पर्वा न करता थेट जंगलात आले, यावरूनच मी ओळखायला हवं होतं. म्हातारा सहाव्या रांगेत होता. सर त्याच्यावर इंग्रजीत ओरडले, हे जोड कुणी बसवले म्हणून.

म्हाताऱ्याने हातातली नळी सोडली नाही. माझ्याकडे बघितलं नाही. “मी,” तो म्हणाला. “सगळे.”

“सगळे?”

“या जंगलात जोड सुटला तर तो माझाच जोड असतो.”

सरांचा त्याच्यावर आधीपासून राग होता. खात्याला जंगलातला एक माणूस कमी करायचा होता आणि सरांना तो हाच हवा होता. तरीही सर हुशार होते. ते वाकले, सुटलेल्या टोकाचा काप बघितला, बाजूच्या झाडावरचा बघितला, नळी ओढून सोडून दिली. मग माझ्याकडे वळले आणि मराठीत बोलू लागले. म्हातारा जेमतेम दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

“या आखूड कशा झाल्या गं? कापल्यास ना तू?”

“हो, सर.”

“का?”

मला खोटं सुचलं नाही. “तो टोकं तोंडात धरतो, सर. मऊ करायला. सगळी.”

सरांनी म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. मग हसले. तीन वर्षांत मला न दिसलेलं, घरचं हसू. “माझ्या आईनेही हेच केलं असतं,” ते म्हणाले. आणि लगेच हसू पुसून टाकलं. “पण मला एक सांग. जुनी नळी असो की नवी, तोंडात त्याने सगळीच धरली ना? उष्टी झाली ती आठही रांगांत सारखीच. मग तुझ्या कम्पॅरिझनला काय फरक पडत होता?”

एवढी साधी गोष्ट. ती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सुचली असती. ती मला सुचू नये यासाठी मी दोन रविवार उन्हात राबले होते.

“माझी चूक आहे, सर. मी थीसिस कमिटीला तसं लिहून देते.”

“वेडी आहेस का? स्टुडंटची मिस्टेक असली तर कमिटी हा सीझन कॅन्सल करेल. फील्ड स्टाफची असली तर दोन दिवसांचा डेटा सोडून बाकीचा ॲक्सेप्ट करतील. तो स्वतः हो म्हणतोय ना? म्हणू दे. खात्याला मी लिहितो. तू काही बोलायचं नाहीस, कळलं?”

“पण त्याची नोकरी…”

“त्याचं बघू नंतर. तुझं बघ आधी.”

म्हातारा तिथेच उभा होता. आम्ही बोलत असताना तो एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. त्याच्याच जंगलात, त्याच्या तोंडासमोर, त्याला न कळणाऱ्या भाषेत आम्ही त्याचा निकाल लावला. आमच्याकडे भांडी घासायला एक बाई येत असत. त्यांच्या चहाचा कप खिडकीबाहेर वेगळा ठेवलेला असे आणि त्यांच्याविषयी काही बोलायचं असलं की आई मध्येच इंग्रजी शब्द पेरायची. त्या बाई अशाच बघायच्या. हे मला तिथे उभं असताना आठवलं, नंतर कधी विचार करताना नव्हे. तरीही मी सरांना म्हणाले, “बरं, सर.” आणि खोटं कशाला सांगू, मला आधी वाटली ती सुटका.

सर इंग्रजीत त्याला दोन वाक्यं सुनावून निघून गेले.

पुढचे तीन दिवस पुन्हा थंडी होती, रस थांबला होता. तेवढ्यात प्रत्येक रांगेत मध्ये जादा नळीचा तुकडा घालून सगळे जोड नव्याने बसवायचे होते. आम्ही दोघं झाडाझाडाने पुढे सरकत होतो. रेडिओ नाही, भांडण नाही. तो काय ठरवतो आहे ते कळत नव्हतं आणि त्यामुळे तो मला आणखीच नकोसा झाला होता. उपकार करून गप्प बसणाऱ्या माणसाचा किती राग येतो ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून बोलला. “टोकं चिरली होती, म्हणून कापलीस ना? जुन्या चार रांगांची?”

मी पुढचा जोड हातात घेतला.

“मागच्याच वर्षी कापायला हवी होती ती. मी आळस केला. ड्रिलच्या दिवशी काप दिसला होता मला. सरळ काप. माझा चाकू तिरका कापतो.” तो नळीशी खटपट करत होता. “नवीन नळ्यांचीही कापलीस, ती उगाच. पण चिरलेली टोकं बघितलीस, नजर चांगली आहे तुझी. सांगायचं होतंस मला. मी लांबी धरून दिली असती.”

तीन वर्षांत त्याने मला म्हटलेलं हे पहिलं बरं वाक्य. आणि ते मी न केलेल्या कामासाठी होतं. म्हणजे तो मला वाचवत होता तो हे समजून की पोरीने त्याचं राहिलेलं काम एकटीने करायला घेतलं आणि तिला ते जमलं नाही. मी “हो” म्हणाले. चिरली होती, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या थर्मासातलं पाणी गार झालं. सातव्या रांगेत तीन झाडं उरली होती आणि शेड लांब होती. त्याने नळीचं टोक तोंडात धरलं, दहापंधरा सेकंद, मग काढून माझ्या हातात दिलं, कारण जोड माझ्या बाजूला होता. असं त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं. मी टोक घेतलं आणि जोडावर चढवायच्या आधी कोटाच्या बाहीला पुसलं. एकदा, आणि मग उलटं करून पुन्हा एकदा. मला कळलंही नाही मी काय करते आहे ते. जोड बसवून वर बघितलं तर तो माझ्या बाहीकडे बघत होता.

मग त्याने रांगेकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, कोऱ्या नळ्यांच्या रांगांकडेही बघितलं, जिथे चिरण्यासारखं काही नव्हतंच. मोजत असावा.

“म्हणून?” त्याने विचारलं.

मी मान डोलावली.

“सगळी?”

“सगळी.”

त्याने खाली वाकून हत्यारं गोळा केली. उरलेली तीन झाडं त्याने एकट्याने केली. शेडपर्यंत परत जाऊन, पाणी तापवून, थर्मासात भरून आणून. मला मदतीला बोलावलं नाही.

त्यानंतर रस सहा आठवडे वाहिला. उत्तम हंगाम होता. कमिटीने दोन दिवस वगळून बाकीचा हिशेबात धरला आणि मे महिन्यात मी खरोखरीची डॉक्टर झाले. काकूंनी श्रीखंड केलं. जूनमध्ये म्हाताऱ्याला नोकरी संपल्याचं खात्याचं पत्र गेलं, सरांच्या शिफारशीवरून.

शेडमध्ये भिंतीवर एक फोन होता, खात्याच्या ऑफिसचा नंबर खडूने वर लिहिलेला. ‘ती टोकं त्या पोरीने कापली’, एवढं एक वाक्य सांगायला त्याच्याकडे पूर्ण सहा आठवडे होते. मी रोज त्या फोनकडे बघत होते, तो उचलतो का म्हणून. त्याने उचलला नाही. मीही नाही.